द्रुपा २०२४: फोंड्याचा छापखाना, डुसेलडॉर्फचा मेळा आणि वुपरटालचा मुक्काम

(तिकिटं आणि व्हिसाचं काम करताना हाताखालून गेलेलं हे एक खरं प्रकरण. छापखान्याच्या मालकांना इथे ‘शेट’ म्हटलंय, त्यांच्या मशीनमनला ‘बाबलो’. ओळख पटेल असे बाकी तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यात शेटचा छापखाना आहे. वडिलांनी ट्रेडल मशीनवर लग्नपत्रिका छापण्यापासून सुरुवात केली. आज दोन ऑफसेट मशीनं आहेत आणि कामं गोव्यातल्या कुठल्याही प्रेसला असतात तीच: देवस्थानांची पावतीपुस्तकं, जत्रेची पत्रकं, उत्सवी नाटकांचे हँडबिल, तियात्राची (कोकणी नाटकाची) रोमन लिपीतली पोस्टरं. गेल्या काही वर्षांत मात्र खरा पैसा खोक्यांत यायला लागला. काजूवाल्यांना रंगीत बॉक्स हवे असतात, आणि औद्योगिक वसाहतींतल्या औषध कंपन्यांना छोटे कार्टन.

छपाई होत होती, डाय-कटिंगही (साच्याने पुठ्ठा खोक्याच्या आकारात कापणं) होत होतं. गाडं अडत होतं चिकटवण्यात. आठ-दहा बायका ओळीने बसून हाताने गोंद लावायच्या. काजूच्या बॉक्सना ते पुरत होतं. औषधाच्या कार्टनची एक मोठी ऑर्डर दाराशी येऊन परत गेली, कारण मागितलेल्या तारखेत तेवढे कार्टन हाताने चिकटवणं शक्यच नव्हतं. तेव्हा शेटने फोल्डर-ग्लुअर, म्हणजे खोक्याच्या घड्या घालून चिकटवणारं मशीन, घ्यायचं मनावर घेतलं.

छपाईच्या धंद्यात ‘द्रुपा’ हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. १९५१ पासून जर्मनीत डुसेलडॉर्फला भरणारा हा जगातला सगळ्यात मोठा छपाईमेळा. कोविडमुळे २०२० चा बारगळला, त्यामुळे २०१६ नंतर प्रत्यक्ष भरला तो थेट २०२४ मध्ये, २८ मे ते ७ जून. अठरा हॉल, ५२ देशांतले सोळाशेच्या वर स्टॉल. शेट आमच्याकडे आले ते जानेवारीच्या अखेरीस, आणि पहिलंच वाक्य, “मला जर्मनी बघायची नाही, मशीन बघायचंय. दोघांचं तिकीट काढ.”

अडचण

तिकीट हा यातला सगळ्यात सोपा भाग होता.

मोठा पेच राहण्याचा. मेळ्याच्या दिवसांत डुसेलडॉर्फमधली हॉटेलं कशी वागतात ते जाणकारांना माहीत आहे. एरवी शंभर-सव्वाशे युरोला मिळणारी साधी खोली त्या तारखांना तीनशेच्या पुढे दिसत होती, तीही आगाऊ पूर्ण पैसे भरून आणि रद्द केल्यास परतावा नाही या अटीवर. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. तारखा जाहीर होऊन बराच काळ लोटला होता आणि युरोपातल्या कंपन्यांनी आपल्या माणसांच्या खोल्या कधीच धरून ठेवल्या होत्या.

दुसरा पेच निवडणुकीचा. मार्चच्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली, गोव्याचं मतदान ७ मेला. निवडणूक म्हणजे प्रेसवाल्यांची सुगी. पण प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचं नाव-पत्ता छापावा लागतो, प्रती आणि प्रतिज्ञापत्र सरकारदरबारी द्यावं लागतं. हे दुसऱ्या कुणावर सोपवून शेट निर्धास्त होणारे नव्हेत. म्हणजे व्हिसाची धावपळ नेमकी त्यांच्या सगळ्यात गडबडीच्या आठवड्यांत येत होती.

आणि तिसरा पेच, ‘दोघांचं तिकीट’ यातला दुसरा कोण?

समोर असलेले पर्याय

घरातून जावयाचं नाव पुढे आलं होतं. इंग्रजी चांगलं, आयटीत नोकरी, पूर्वी सिंगापूरला जाऊन आलेला, पासपोर्ट तयार. शेटच्या मनात बाबलो होता. वीसेक वर्षं तोच ऑफसेट चालवतो, रोलरच्या आवाजावरून शाई पातळ झाली की दाट ते सांगतो; पण विमानात कधी बसला नव्हता आणि पासपोर्टही नव्हता. जावयाच्या व्हिसाला अडचण येणार नव्हती, बाबलोच्या व्हिसाची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. आम्ही एवढंच विचारलं, “शेट, मशीन आल्यावर चालवणार कोण?” त्यावर ते बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी बाबलोचा पासपोर्टचा अर्ज भरायला त्यांची मुलगी आली. घरी काय झालं ते आम्ही विचारलं नाही.

राहण्यासाठी चार वाटा होत्या. एक, शहरातच महागडी खोली. दोन, ऱ्हाइनच्या पलीकडे लागून असलेलं नॉइस. जवळ, पण तिथेही भाव चढलेले. तीन, डुइसबुर्ग, एसेन किंवा वुपरटालसारखं शेजारचं शहर, जिथून रोज गाडीने यायचं. चार, दिल्ली-मुंबईच्या आयोजकांचं मेळ्याचं पॅकेज: विमान, हॉटेल, बस, भारतीय जेवण, सगळं एकत्र. चौथा पर्याय वाटतो तितका वाईट नसतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याला त्यात जीव सांभाळला जातो. पण बस सगळ्यांना एकदम नेते आणि एकदम आणते, आणि त्या पॅकेजात शेवटचे दोन दिवस पॅरिसचे होते. शेटला ते दिवस मेळ्यात हवे होते.

कुठल्या तारखांना जायचं हाही निर्णयच होता, पण लोक त्याला निर्णय मानत नाहीत. शेटला उद्घाटनाला हजर राहायचं होतं. आम्ही जर्मन कॅलेंडर पुढे ठेवलं. ३० मे, गुरुवारी, कॉर्पस क्रिस्ती. गोव्यात चर्चमध्ये फेस्त असतं आणि बाकी व्यवहार चालू राहतात. डुसेलडॉर्फ ज्या राज्यात आहे तिथे मात्र ती सार्वजनिक सुट्टी, दुकानं बंद. शिवाय जर्मनीत ४९ युरोत महिनाभर सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, बस, ट्राम यांत फिरता येईल असं तिकीट तेव्हा मिळत होतं, डॉइचलांडतिकेट. ते कॅलेंडरच्या महिन्याला लागू होतं. २९ मेला पोहोचलं तर मे आणि जून अशा दोन महिन्यांचे पैसे. १ जूनला पोहोचलं तर एकाच महिन्याचे. शेजारच्या गावात राहायचं असेल तर हा फरक लहान नाही.

विमानासाठी दाबोळी (गोव्याचा जुना विमानतळ) ते मुंबई एका तिकिटावर आणि मुंबई ते युरोप दुसऱ्या तिकिटावर, असं केलं तर थोडे पैसे वाचत होते. मध्ये एक विमान उशिरा आलं तर पुढच्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. दुसरी वाट दाबोळी-दोहा-फ्रँकफुर्ट, एकाच तिकिटावर, सामान थेट शेवटपर्यंत. थेट डुसेलडॉर्फला उतरणं सोयीचं, कारण विमानतळ मेळ्याच्या मैदानाच्या जवळच आहे. पण त्या आठवड्याचं भाडं पाहून शेटने मान हलवली.

काय केलं

खोली वुपरटालला घेतली. मेळा भरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत फुकट रद्द करता येईल अशी, स्टेशनपासून चालत. वुपरटालहून डुसेलडॉर्फच्या मुख्य स्टेशनला प्रादेशिक गाडीने साधारण वीस मिनिटं, तिथून यू-७८ ही मेट्रो मेळ्याच्या दाराशी. चालणं आणि गाडीची वाट धरून घरापासून हॉलपर्यंत तासभर.

तारखा ठरल्या १ ते ७ जून. विमान दोह्यामार्गे. जाता जाता सांगायला हवं की त्याच महिन्यात, २० जूनपासून, कतार एअरवेज दाबोळी सोडून मोप्याच्या नव्या विमानतळावर गेली. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, आणि फोंड्याहून दाबोळी जवळ, मोपा लांब. तिकिटावर कोणता लिहिलाय हे आधी वाचावं. चुकीच्या विमानतळावर पोचलेली माणसं आम्ही पाहिली आहेत.

व्हिसाच्या बाबतीत गोवा मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला नियमाने पंधरा दिवस, पण गर्दीच्या हंगामात त्यावर विसंबू नये. शुल्क तेव्हा ८० युरो होतं, ११ जून २०२४ पासून ९० झालं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. दोघांचे अर्ज व्यवसाय-भेटीचे केले. मेळ्याचं तिकीट, आयोजकांचं पत्र, प्रेसची जीएसटी नोंदणी, आयकर विवरणपत्रं.

बाबलोच्या कागदांत अडचण निघाली ती खास गोव्याची. पासपोर्टवर आडनाव जुन्या पोर्तुगीज वळणाने ‘सी’ घालून लिहिलेलं, बँकेच्या पासबुकात ‘के’ घालून. गोव्यात हे घरोघरी आहे आणि इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. बाहेरच्या अधिकाऱ्याला ती दोन वेगळी माणसं दिसू शकतात. नोटरीकडून ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र केलं. पगाराचे कागद जोडले, आणि प्रवासाचा सगळा खर्च छापखाना करणार व हा माणूस तिथे कशासाठी लागतो याचं पत्र शेटच्या सहीने दिलं. त्यात उगाच भारदस्त शब्द घातले नाहीत. ‘हे मशीन चालवणारे ते एकटेच आहेत, त्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही विकत घेणार नाही’ एवढंच.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. एप्रिलमध्ये दोघं कोकणकन्येने मुंबईला गेले आणि दुसऱ्या रात्री परतले. महामार्गाचा विश्वास नव्हता, असं शेट म्हणाले. त्यावर अधिक लिहायची गरज नाही. व्हिसा लागून शेटचा पासपोर्ट आधी आला, बाबलोचा मागाहून, आणि बाबलोला मिळाले मोजके दिवस, एकदाच प्रवेश. त्या मधल्या आठवड्यात घरून जावयाचं नाव पुन्हा निघालं होतं म्हणे.

पैसे बहुतेक फॉरेक्स कार्डवर घेतले, थोडे युरो रोख. आचारसंहिता निकालापर्यंत लागू असल्याने पन्नास हजारांवर रोकड जवळ असली तर तपासणीत कागद दाखवावे लागत होते. रुपये नेण्यात अर्थच नव्हता. सामानात बाबलोने स्वतःहून एक गोष्ट टाकली: काजूच्या बॉक्सचे डाय-कट केलेले, न चिकटवलेले वीस-पंचवीस नग, पिशवीत सपाट रचून.

तिथे काय घडलं

१ जून शनिवार होता. फ्रँकफुर्टच्या विमानतळाखालूनच वेगवान गाडी सुटते, ती मासिक तिकिटावर चालत नाही. शेटच्या मुलीने स्वस्त, ठरावीक गाडीचं तिकीट काढलं होतं, पण विमान उतरण्याच्या वेळेनंतर तीन तासांचं. ते शहाणपणाचं ठरलं. अशा तिकिटाची गाडी विमानामुळे चुकली तर ते वाया जातं, आणि पासपोर्टच्या रांगेतच त्यांचा सव्वा तास गेला.

संध्याकाळी खोलीवर पोचून दोघं झोपले. रविवारी सकाळी उठून पाहतात तर सगळी दुकानं बंद. सांगितलेलं होतं, पण दमलेल्या माणसाला ते कुठलं आठवणार? स्टेशनातली दुकानं उघडी असतात म्हणून निभावलं. सोमवारी शेट शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतात. त्या दिवशी ब्रेड, चीज आणि घरून नेलेलं लोणचं. बाबलोला जेवणाची तक्रार नव्हती. त्याला वुपरटालची लटकती रेल्वे आवडली, १९०१ पासून नदीवरून उलटी टांगलेली धावते ती. तिचा नटबोल्ट न् नटबोल्ट तो खालून न्याहाळत होता.

पहिला धक्का तिकीट तपासणीत बसला. ते मासिक तिकीट फोनवर असतं, प्रत्येकाच्या नावाचं, दुसऱ्याला चालत नाही. मेळ्यात दिवसभर फोटो काढून बाबलोच्या फोनची बॅटरी संपली आणि परतीच्या गाडीत तपासनीस आला. अंधारलेला फोन, शेजारी शेट आपला फोन पुढे करून “दोघांचं आहे, दोघांचं” असं हिंदीत सांगतायत. तपासनीसाने शांतपणे पासपोर्टवरचं नाव लिहून घेतलं आणि ६० युरोची चिठ्ठी हातात दिली. साडेपाच हजार रुपये! शेटची झोप उडाली. मुलीने गोव्यातून चिठ्ठीचा फोटो वाचला आणि सांगितलं की नावाचं तिकीट त्या वेळी वैध होतं हे नंतर दाखवलं तर ७ युरोत मिटतं. तसंच मिटलं. दुसऱ्या दिवशी पॉवर बँक विकत घेतली.

दुसरा धक्का पायांना. अठरा हॉल म्हणजे काय ते नकाशावर कळत नाही. शेट साठीचे, रोज गाडीचे दोन तास, त्यात हॉलमधलं चालणं. मंगळवारी ४ जूनला निवडणुकीचा निकाल. इथे आठला मोजणी सुरू होते तेव्हा तिथे पहाटेचे साडेचार, आणि शेट फोन घेऊन बसलेले. दुपारी मेळ्यात ते एका बाकावर बसले ते उठेनात. एका फोल्डर-ग्लुअरचं प्रात्यक्षिक चारला ठरलेलं होतं. “बाबल्या, तू जा. मला फोटो दाखव,” असं म्हणून त्यांनी त्याला एकट्याला पाठवलं.

स्टॉलवाले त्यांचाच पुठ्ठा घालून मशीन चालवून दाखवतात. पांढराशुभ्र, कोऱ्या लगद्याचा, घडी घालताना रेशमासारखा वळणारा. आपल्याकडे काजूच्या बॉक्सला लागतो तो मागून करडा असलेला डुप्लेक्स पुठ्ठा, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाचा, रद्दीपासून बनलेला. बाबलोने पिशवीतून आपला नग काढला आणि हा घालून बघता येईल का, असं खुणेने विचारलं. युरोपी स्टॉलवरच्या मुलाने हसून नकार दिला. बाबलो तसाच पुढे चालत दुसऱ्या हॉलमध्ये एका भारतीय कंपनीच्या स्टॉलवर गेला. तिथला माणूस फरिदाबादचा. हिंदीत बोलणं झालं, त्याने नग घातले. पहिले दोन नीट निघाले, तिसऱ्याला घडीवर पुठ्ठा तडकला, रंगाखालून करडं दिसायला लागलं. दोघांनी मिळून पाहिलं तर काही नगांवर क्रीज (घडीची दाबरेघ) पुठ्ठ्याच्या ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, उलट दिशेने पडलेली. म्हणजे दोष डाय-कटिंगच्या मांडणीत होता, आणि तो हाताने चिकटवताना कधी कळला नसता. शिवाय लॉक-बॉटमच्या (तळ आपोआप अडकून बसणाऱ्या) खोक्यांसाठी मशीनला लागणारं जोडकाम मूळ किमतीत नाही, वेगळं घ्यावं लागतं, हेही तिथेच समजलं.

निष्पत्ती

युरोपी मशीन घेतलं नाही. फरिदाबादच्या कंपनीकडून अर्धस्वयंचलित फोल्डर-ग्लुअर घेतलं, लॉक-बॉटमच्या जोडकामासह. डुसेलडॉर्फला जाऊन फरिदाबादचा माणूस भेटला यावर प्रेसमध्ये अजून विनोद होतात. पण फरिदाबादला गेले असते तर शेजारी ठेवून ताडून बघायला युरोपी मशीन नसतं. डाय नव्याने करून घेतल्या. औषधाच्या कार्टनचं काम आता येतं. चिकटवणाऱ्या बायकांपैकी बहुतेक तपासणी आणि पॅकिंगला आहेत.

मासिक तिकीट आपोआप पुढच्या महिन्यात जातं आणि ते थांबवायला त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. मुलीने ते विमान उतरायच्या आत केलं होतं.

पुन्हा करायचं तर

खोलीच्या बाबतीत शेट आणि आमचं अजून एकमत नाही. त्यांच्या मते वुपरटालने पैसे वाचले. हिशेबाने वाचलेच. पण मंगळवारची ती दुपार त्यांच्या पायांनी गमावली, आणि तिथे बाबलो नसता तर प्रात्यक्षिकही गेलं असतं. आम्ही आज सल्ला देऊ तो असा: आधीचे दिवस शेजारच्या गावात, पण ज्या दोन दिवसांत खरी बोलणी करायची त्या रात्री नॉइसला किंवा शहरात, महाग पडलं तरी. दुपारी तासभर खोलीवर पडता येणं याची किंमत साठीच्या माणसाला कळते. त्याहून मोलाचं म्हणजे तारखा जाहीर झाल्या त्या दिवशीच, जायचं ठरलेलं नसलं तरी, रद्द करता येणारी खोली धरणं. जानेवारीत आलेल्या माणसाला चांगले पर्याय उरत नाहीत.

निकालाचा दिवस मेळ्यात मोकळा ठेवायला हवा होता. आपला देह तिकडे असला तरी डोकं इकडेच असणार, हे गोव्याच्या माणसाबाबत गृहीत धरावं.

बाबलोला न्यायचा निर्णय बरोबर होता हे आता सगळेच म्हणतात. निकाल लागल्यावर म्हणणं सोपं आहे. व्हिसा नाकारला असता तर शेट एकटे गेले असते, फोटो काढून आणले असते, आणि तडकलेली घडी मशीन फोंड्यात येऊन बसल्यावर दिसली असती. धोका घेण्याजोगा होता, पण पासपोर्ट आधीपासून असता तर तो निम्मा झाला असता. छोट्या धंद्यातल्या कामाच्या माणसांचे पासपोर्ट गरज पडण्याआधी काढून ठेवावेत. नावाच्या स्पेलिंगची भानगडही त्याच वेळी निस्तरते.

पुढचा द्रुपा ९ ते १७ मे २०२८ असा जाहीर झालाय. अकराऐवजी नऊच दिवस, म्हणजे गर्दी दाट. मे महिना लग्नपत्रिकांचा, पण तेव्हा लोकसभा नाही. शेटनी नॉइसच्या खोलीची चौकशी करायला सांगून ठेवलंय. यादीत या वेळी जावईही आहेत, स्वतःच्या खर्चाने.